बॅटरीवरचा पंप

प्रत्येक घरात एखादं माणूस असं असतं, की ज्याच्या वतीने बाकीचे सगळं ठरवून टाकतात. त्याने कुठे जावं, त्याला काय झेपेल आणि काय झेपणार नाही, हे त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक असतं. हे चाललेलं असतं मायेपोटी. त्यामुळे यात कुणाचं काही हिरावून घेतलं जातंय, अशी शंकासुद्धा कुणाला येत नाही. कांजूरमार्गला राहणाऱ्या गुणाजी धुरींच्या घरात असं माणूस म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, नंदा.

नंदा तीन वर्षांची असताना गावी तिला ताप भरला. पोर तापातून वाचली, पण दोन्ही पाय गेले ते गेलेच. गुणाजी तेव्हा परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. त्यांनी बायकोला, मालनला, आणि नंदाला मुंबईला आणलं, दवाखाने केले, मालिश करणारे केले, आणि शेवटी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्यावर पोरीला सायकलच्या कॅरिअरवर बसवून शाळेत नेऊन सोडायला सुरुवात केली. दहा वर्षं त्यांनी हे केलं. नंदा दहावी झाली त्या वर्षी एका संस्थेकडून तिला हातांनी चालवायची तीनचाकी मिळाली, तेव्हा कुठे त्या कॅरिअरला विश्रांती मिळाली.

ही तीनचाकी हीच नंदाची खरी शाळा ठरली. कांजूरच्या त्यांच्या बाजूला लहानमोठी वर्कशॉपं पुष्कळ. रस्त्यावर लोखंडाचा कीस, खिळे, तारांचे तुकडे यांचा सडा पडलेला. तीन चाकांपैकी एक तरी कायम पंक्चर असायचं. दुरुस्तीच्या दुकानापर्यंत कुणीतरी ढकलत न्यायला लागायचं आणि मग काम होईपर्यंत तिथे बसून राहायला लागायचं. बसल्याबसल्या ती बघत राहिली. टायर कसा उकलतात, ट्यूब पाण्यात धरून भोक कसं शोधतात, सोल्यूशन लावल्यावर किती वेळ थांबायचं. एक दिवस तिने सामान मागवलं आणि आपलं चाक आपणच दुरुस्त केलं. मग चाळीतल्या मुलांच्या सायकली आल्या, मग त्यांच्या बापांच्या.

पुढे गिरण्यांचा संप झाला. संप संपला की नाही हे कुणी सांगितलं नाही, पण गुणाजींची गिरणी काही पुन्हा उघडली नाही. वर्षभर वणवण करून त्यांना एका वर्कशॉपमध्ये दुपारपाळीच्या वॉचमनची नोकरी लागली. घर ओढाताणीत चालू लागलं, तेव्हा नंदानेच सुचवलं. जवळच्या मोठ्या कारखान्यात शेकडो कामगार सायकलने येतात. फाटकाशेजारच्या भिंतीला ताडपत्री बांधून आपण दुरुस्तीला बसलो तर? गुणाजींनी दोन दिवस विचार केला आणि ताडपत्री बांधून दिली.

पंक्चर, ब्रेक, चेन, वाकडं झालेलं चाक सरळ करणं, सगळं नंदा करायची. खाली पाटावर बसून, सायकल उलटी करून, तिचे हात असे चालायचे की कामगार चहाचा ग्लास घेऊन नुसते बघत उभे राहायचे. चाक सरळ करण्यात तर तिची ख्याती झाली होती. विक्रोळीहून माणसं रीम घेऊन यायची.

एकच गोष्ट तिला जमत नव्हती. हवा.

सायकलीचा पंप तुम्ही मारला असेल. दोन्ही पायांनी तो खाली दाबून धरावा लागतो आणि अंगाचा सगळा भार दांड्यावर टाकावा लागतो. ज्याच्या पायांत जोरच नाही त्याने काय दाबून धरायचं? नंदाने पंप भिंतीला बांधून पाहिला, मांडीखाली दाबून पाहिला. अर्धं चाक भरायचं आणि खांदे भरून यायचे. म्हणून हवा गुणाजी मारायचे. सकाळी साडेसहाला ते पोरीबरोबर यायचे आणि दोनला नोकरीवर जाईपर्यंत पंप त्यांच्या हातात असायचा. दोननंतर दुकान बंद.

लोक म्हणायचे, बाप असावा तर असा. कुणी मुद्दाम थांबून सांगायचं, धुरीमामा, तुमच्यासारखा बाप आम्ही पाहिला नाही. गुणाजी हसून मान हलवायचे, पण ते ऐकायला त्यांना बरं वाटायचं. गिरणी गेल्यापासून त्यांना कुणी कशाबद्दल चांगलं म्हटलं नव्हतं.

१९८६ सालच्या त्या हिवाळ्यातली एक सकाळ. गुणाजी कोपऱ्यावर चहा प्यायला गेले होते. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायला दहा मिनिटं होती. एक माणूस घाईघाईने सायकल ढकलत आला. नंदाने पंक्चर काढलं, चाक चढवलं आणि नेहमीच्या सवयीने सांगितलं, की बाबा चहाला गेलेत, तेवढी हवा तुम्ही मारून घ्या. त्याने पंप उचलला. दांड्याचं ग्रीस त्याच्या पांढऱ्या शर्टाला लागलं.

"हवा मारता येत नाही, तर दुकान कशाला मांडून बसतेस?" तो म्हणाला. "घरी बस ना."

मग त्याला स्वतःलाच ओशाळल्यासारखं झालं असावं. खिशातून ठरल्यापेक्षा जास्त पैसे काढून त्याने पाटावर टाकले. नंदाने आपले घेतले आणि उरलेले त्याच्या हातात परत दिले. 

गुणाजी आले तेव्हा तो माणूस निघून गेला होता. झालेला प्रकार तिथल्या एकाने सांगितला. गुणाजींचा चेहरा लाल झाला. ते पोरीजवळ उकिडवे बसले आणि म्हणाले, "मी नसेन तेव्हा तू कुणाचं काम घ्यायचंच नाही. आजपासून."

नंदाने हातातला पाना खाली ठेवला.

"आणि तुम्ही नसाल तेव्हा, बाबा?"

गुणाजींना वाटलं, पोर चहाच्या वेळेबद्दल विचारते आहे. तिला खरं काय विचारायचं होतं, ते त्यांच्या ध्यानात आलं रात्री नोकरीवरून परतताना. त्यांना ते आवडलं नाही.

हे सगळं ऐकणारा आणखी एक जण तिथे होता. विद्याधर रेगे, त्याच कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे फोरमन. मुलुंडला राहायचे आणि मोठ्या हौसेने सायकलवरून कामावर यायचे. दुसऱ्या दिवशी ते आले ते पिशवीत एक डबा घेऊन. डबा म्हणजे चौकोनी यंत्रच होतं, जेवणाच्या डब्याएवढं. त्यांच्या मेहुण्याने मस्कतहून आणलं होतं. गाडीच्या टायरात हवा भरायचं. गाडीत सिगारेट पेटवायची जागा असते, तिथे याची वायर खुपसायची, की गाडीच्या बॅटरीवर हे चालतं. रेग्यांकडे गाडी नव्हती. दोन वर्षं हा डबा त्यांच्या दिवाणखान्यातल्या कपाटात परदेशी बाहुलीशेजारी मांडून ठेवला होता.

रेगे म्हणाले, हे नंदाने ठेवून घ्यावं. नंदाने यंत्र हातात घेऊन उलटंसुलटं करून पाहिलं. तिचे डोळे चमकत होते, पण तिने ते परत पिशवीवर ठेवलं.

"असंच नाही घेणार, साहेब. हे चालेल तोवर तुमची आणि तुमच्या मुलांची सायकल माझ्याकडे. काय लागेल ते काम मी करीन. कबूल असेल तर द्या."

रेग्यांना हे नवीन होतं. मदत करायला आलेल्या माणसाला अटी ऐकायची सवय नसते. पण यंत्रांवर आयुष्य काढलेला तो माणूस होता, चांगल्या कारागिराशी कसं वागावं हे त्याला कळत होतं. त्यांनी हात पुढे केला आणि सौदा झाला.

गुणाजी पंप मारता मारता हे बघत होते. म्हणाले, असली खेळणी सायकलीला चालत नाहीत.

आणि सुरुवातीला चाललीही नाहीत. नंदाने टॉर्चचे आठ सेल एकामागे एक लावून कागदाच्या नळीत घट्ट बांधले. दीड दीड व्होल्टचे आठ, म्हणजे बारा व्होल्ट झाले, असा तिचा हिशेब. बटण दाबल्यावर यंत्राने एक हुंदका दिला आणि ते गप्प झालं. गुणाजी मोठ्याने हसले. त्या हसण्यात पोरीची गंमत कमी आणि सुटका जास्त होती, हे त्यांचं त्यांना कळलं, आणि पुढे कितीतरी दिवस ते आठवलं की त्यांना लाज वाटायची.

रेग्यांनी तिला समजावून सांगितलं. हे म्हणजे टाकी उंचावर, पण नळ बारीक. व्होल्ट बारा भरतात, पण ही मोटर एका वेळी जेवढी वीज ओढते, तेवढी द्यायची या सेलांची ताकद नाही. त्याला गाडीचीच बॅटरी हवी, आणि वायरसुद्धा जाड हवी, नाहीतर वायरच तापेल.

बॅटरीसाठी नंदा तीनचाकी चालवत भांडुपला गेली. तिथे काशीराम पालव गाड्यांच्या बॅटऱ्या भरून द्यायचं दुकान चालवायचे. ते गुणाजींचे गिरणीतले जोडीदार. दोघांचे साचे शेजारी शेजारी होते. काशीरामांनी सगळं ऐकून घेतलं आणि कोपऱ्यातून एक जुनी बॅटरी काढली. गाडी सुरू करायला ती कमी पडत होती, पण एकदा भरली की असल्या छोट्या मोटरला आठवडाभर पुरेल, असं ते म्हणाले. मात्र आधी तिची तपासणी करायला आठ दिवस लागतील.

त्या आठ दिवसांत नंदासमोर दुसरी अडचण उभी राहिली. यंत्राच्या नळीचं तोंड गाडीच्या वॉल्वसाठी होतं. सायकलीचा वॉल्व वेगळा. ते तोंड त्यावर बसेना. तिने मोडक्या पंपाची रबरी नळी घेतली, जिचं टोक सायकलीला बरोबर बसतं. मग स्कूटरच्या टाकून दिलेल्या ट्यूबमधून वॉल्व कापून काढला, कारण स्कूटरचा वॉल्व गाडीसारखाच असतो. त्यातली पिन काढून टाकली, तो वॉल्व रबरी नळीच्या दुसऱ्या टोकात घुसवला आणि वरून तारेने आवळला. आता यंत्राचं तोंड स्कूटरच्या वॉल्ववर, आणि नळीचं टोक सायकलीवर. रेग्यांनी ती जोडणी बोटांत फिरवून पाहिली आणि एवढंच म्हणाले, की हे त्यांना सुचलं नसतं.

इकडे गुणाजींची झोप उडाली होती. बॅटरीत ॲसिड असतं. पोरीचे हात भाजले तर? झटका बसला तर? रेग्यांनी सांगितलं होतं, की बारा व्होल्टचा झटका बसत नाही, वायरीच्या टोकांना बसवलेले चिमटे उलटसुलट एकमेकांना लागू नयेत एवढं बघायचं, आणि मध्ये फ्यूज बसवून दिला होता. तरी गुणाजींना पटेना. सुट्टीच्या दिवशी ते सायकल काढून थेट भांडुपला काशीरामांकडे गेले.

दुकानात फळ्यांवर बॅटऱ्या ओळीने मांडलेल्या होत्या. झाकणं उघडी, आतून बारीक बुडबुड्यांचा आवाज. काशीरामांच्या विजारीला ॲसिडने जागोजागी भोकं पडलेली. गुणाजींनी बसायच्या आत सांगून टाकलं, की त्या पोरीला बॅटरी द्यायची नाही.

काशीरामांनी कारण विचारलं. गुणाजींनी ॲसिडचं सांगितलं, झटक्याचं सांगितलं, यंत्र बिघडलं तर पोर तोंडावर पडेल हे सांगितलं. काशीराम ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, "आपला जॉबर आठवतो का रे तुला?"

न आठवायला काय झालं? साचेखात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम. बदली कामगार होते तेव्हा दोघं रोज सकाळी त्याच्यासमोर उभे राहायचे. त्याने बोट दाखवलं तर दिवसाचं काम, नाहीतर घरी परत.

"माणूस वाईट नव्हता," काशीराम म्हणाले. "माझ्या आईच्या आजारपणात रात्रभर बसला होता. तुझ्या लग्नाला रजा त्यानेच मिळवून दिली. तरी त्याच्यासमोर गेलं की आपली मान खाली जायची. का जायची? त्याने हो म्हटलं तर आपला दिवस उगवायचा, एवढंच त्याचं कारण."

"म्हणजे मी माझ्या पोरीचा जॉबर?"

"ते तू म्हणतोयस. मी एवढंच बघतोय, की तुला ताप आला, तिचा खाडा. तू गावी गेलास, आठ दिवस तिचा खाडा. तुझी पाळी दोनला सुरू होते, म्हणून तिचं दुकान दोनला बंद. तिचे हात चालू आहेत आणि दुकान तुझ्या घड्याळावर."

गुणाजी चिडले. म्हणाले, मग उद्या ती तुझ्या बॅटरीवर अवलंबून राहील, ते चालतं? बॅटरी संपली की तुझ्या दारात येईल.

"येईल ना. गिऱ्हाईक म्हणून येईल. बॅटरी नीट भरून दिली नाही, तर मला चार शब्द सुनावेल. मला ऐकून घ्यावे लागतील." काशीरामांनी विचारलं. "तुला कधी सुनावलंय तिने? हवा कमी मारलीत, उशिरा आलात, चहाला का गेलात? एकदा तरी?"

गुणाजी आठवून पाहू लागले. पोर त्यांना कधीच काही बोलली नव्हती. याचा त्यांना आजवर अभिमान वाटत आला होता. किती गुणाची पोर, तोंडातून शब्द काढत नाही! आज पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं, की शब्द काढायची तिला मुभा तरी कुठे होती? ज्याच्या उपकारावर दिवस चालतो, त्याला कोण बोलणार?

काशीरामांनी एका बॅटरीचं झाकण लावलं आणि कपड्याला हात पुसले. इतका वेळ ते मुंबईच्या बोलीत बोलत होते. आता ते गावच्या मालवणीत बोलू लागले, जशी हे दोघे साच्यावर बोलायचे.

"तुका कामाची गरज आसा, गुणाजी. म्हणान त्या चेडवाक तुझी गरज लागूक व्हयी, असा तुका वाटता. ह्या काय बरा न्हय."

स्वतःला काम हवं म्हणून पोरीला आपली गरज लागावी, हे ऐकताच गुणाजी उठले आणि सायकलवर बसून निघाले. भांडुप ते कांजूर सायकलवर कितीसं अंतर? पण ते घरी पोचले ते तासाभराने.

घरी मालन भाकऱ्या थापत होती. गुणाजींनी तिला सगळं सांगितलं, काशीरामने कसा अपमान केला तेसुद्धा. मालनने भाकरी उलटली आणि तिच्या शांत रीतीने सांगितलं, की नंदा चौदा वर्षांची झाली तेव्हा तिने आईला सांगितलं होतं, उद्यापासून मी माझी आंघोळ करीन, तू दार लावून बाहेर थांब. मालन बाहेर थांबली. आत तांब्या पडल्याचा आवाज आला, पोर घसरल्याचाही आला. मालन दाराला पाठ लावून रडली, पण आत गेली नाही. पंधरा दिवसांनी आवाज यायचे थांबले. हे तिने नवऱ्याला कधी सांगितलं नव्हतं, कारण तो दार मोडून आत गेला असता.

त्या आठवड्यात बॅटरी आली. नंदाने ती काशीरामांकडून रीतसर विकत घेतली. फाटकासमोरच्या वेल्डिंगवाल्याने तीनचाकीच्या बैठकीखाली पत्र्याची चौकट बसवून दिली, बॅटरी त्यात राहिली. आठवड्याच्या सुट्टीला भांडुपला जायचं, बॅटरी भरायला टाकायची, दुसऱ्या दिवशी पहाटे आणायची. उचलून ठेवायला काशीरामांचा माणूस होताच, तो सगळ्याच गिऱ्हाइकांच्या बॅटऱ्या उचलायचा.

पहिल्या सकाळी नंदा तयार होऊन तीनचाकीत बसली आणि तिने बापाकडे पाहिलं. गुणाजी म्हणाले, तू हो पुढे. ती गेली. पाच मिनिटांनी गुणाजींनी आपली सायकल काढली. घरात बसवणार कसं? ते फाटकाच्या समोरच्या बाजूला, रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीशी जाऊन उभे राहिले.

नंदाने चिमटे लावले, नळी चाकाला बसवली, बटण दाबलं. यंत्र घरघरायला लागलं. त्या आवाजाने येणाऱ्याजाणाऱ्यांच्या माना वळल्या. मिनिट, सव्वा मिनिट, आणि चाक टणक. अंगठ्याने दाबून पाहिल्याशिवाय ती नळी काढत नव्हती, कारण यंत्राच्या काट्यावर तिचा भरवसा बसला नव्हता. दुसरी सायकल झाली, तिसरी झाली. बघायला गर्दी जमली, आणि ज्यांच्या चाकात हवा होती तेसुद्धा थोडी भरून घे म्हणायला लागले. सात-आठ चाकं सलग झाली आणि यंत्र एकदम थांबलं.

भोंग्याला पाऊण तास होता. सहा-सात सायकली रांगेत होत्या. नंदाने बटण पुन्हा दाबलं, काही नाही. यंत्राला हात लावून पाहिला, चटका बसला. गुणाजी पलीकडून हे बघत होते. त्यांचा हात आपोआप शर्टाची बाही वर सारायला लागला. त्यांनी रस्त्यात तीन पावलं टाकली. नंदाने मान वर केली नव्हती. ती वायर तपासत होती, फ्यूज काढून उजेडात धरत होती. गुणाजी तीन पावलं मागे आले. आयुष्यात त्यांनी ओझी उचलली होती, बारा बारा तास साचे चालवले होते, मोर्चात लाठ्या खाल्ल्या होत्या. पण हात मागे बांधून उभं राहण्याएवढं अवघड काम त्यांना कधी पडलं नव्हतं.

रांगेतल्या एकाने त्यांना पाहिलं. तो ओरडून म्हणाला, अहो धुरीमामा, तिथे काय उभे राहिलात, या ना, पोरीचं मशीन बंद पडलंय.

सगळे वळून बघू लागले. नंदानेही पाहिलं. इतकी वर्षं लोक ज्या बापाचं कौतुक करत आले होते, तो बाप रस्त्यापलीकडे उभा होता आणि जागचा हलत नव्हता. काय म्हणतील लोक! गुणाजींच्या कानशिलांत रक्त चढलं.

"दुकान तिचं आहे," ते म्हणाले. "ती सांगेल तसं."

नंदा रांगेकडे वळली. 

"मशीन तापलंय, जळलेलं नाही. दहा मिनिटं थंड व्हायला लागतील. ज्यांना घाई आहे त्यांनी पुढच्या दुकानात जावं. थांबणाऱ्यांचं तोवर चेन, ब्रेक काय असेल ते बघते."

दोघं गेले. बाकीचे थांबले. तिने एकाची चेन आवळली, दुसऱ्याच्या ब्रेकची रबरं बदलली. तिने बरोबर दहा मिनिटं मोजली आणि बटण दाबलं. यंत्र घरघरलं. रांगेतून कुणीतरी म्हणालं, झकास! आणि सगळे हसले. त्या दिवसापासून तिने नियम केला, चार चाकं झाली की यंत्राला विश्रांती.

रांग सरली तेव्हा शेवटी गुणाजी आपली सायकल घेऊन येऊन उभे राहिले. नंदाने मागचं चाक अंगठ्याने दाबलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"किती दिवस असंच चालवताय? टायर बाजूने फाटत चाललाय, कळत नाही? रोज माझ्या शेजारी उभे असता आणि सायकल दाखवत नाही."

गुणाजी ऐकून घेत होते. त्यांची छाती अशी भरून आली होती, की गिरणीत कायम झाल्याच्या दिवशीही भरून आली नव्हती. माझी पोर, त्यांच्या मनात येत होतं. ही माझी पोर. मला बोलतेय.

त्यानंतर दुकान दोनला बंद होईनासं झालं. दुसऱ्या पाळीचे कामगारही येऊ लागले. गुणाजींच्या सकाळी मात्र रिकाम्या झाल्या आणि पहिले काही दिवस त्यांना त्या खायला उठल्या. मग एके दिवशी ते काशीरामांच्या दुकानी जाऊन बसले, बॅटऱ्यांत पाणी घालायला शिकले, आणि महिन्याभरात तिथे सकाळचे कामाला लागले. नंदाची बॅटरी एकदा अर्धवट भरली गेली, तेव्हा तिने येऊन दोन्ही म्हाताऱ्यांना भर दुकानात चांगलं झापलं. दोघांनीही ऐकून घेतलं.

पुढल्या वर्षी विक्रोळीहून राधा नावाची एक मुलगी कुबड्या घेऊन नंदाकडे काम शिकायला आली. तिच्याबरोबर तिचा मोठा भाऊ आला होता. सगळं बोलणं तोच करत होता. हिला हे जमेल, हिला ते जमणार नाही, हिला कुणी रागावायचं नाही. नंदाने त्याला पलीकडच्या टपरीवर चहा प्यायला पाठवलं आणि मग राधाला विचारलं, "तुला काय करायचंय, ते तू सांग."

वाचकहो, आपल्या घरातही अशी माणसं आहेत. कुणाचे पाय अधू आहेत, कुणाचे डोळे, कुणाचं वय झालंय, कुणी नुसतीच सून आहे. आपण त्यांच्यासाठी धावतो आणि धावून दमतो, याचं आपल्याला समाधान असतं. ते समाधान खोटं नाही. पण ज्या मदतीसाठी माणसाला रोज कुणाची तरी वाट पाहत बसावं लागतं, ती मदत त्याला आणखी खाली बसवते. खरी मदत ती, की जिच्यानंतर त्या माणसाला आपली गरज कमी लागते. ते पाहणं जड जातं, गुणाजींनाही गेलं. पण आपल्या माणसाला आपल्या बळावर उभं राहिलेलं पाहण्यात जो अभिमान आहे, तो त्याला जन्मभर उचलून धरण्यात नाही. तेव्हा आज घरी गेल्यावर त्या माणसाजवळ बसा, आणि त्याला काय झेपेल हे ठरवण्याआधी एकदा त्यालाच विचारा. उत्तर काय येईल ते सांगता येत नाही. कदाचित ते आपल्याला आवडणारही नाही. तरी विचारा.